मेनफ्रेमवरील एलियस उपकरणांची ओळख व दोषशोधन

एलियस उपकरण म्हणजे मेनफ्रेम संगणकाला जोडलेल्या साठवण यंत्रणेतील एखाद्या डिस्क व्हॉल्यूमपर्यंत पोहोचण्यासाठी दिलेला जादाचा पत्ता होय. मूळ पत्त्यास बेस आणि जादाच्या पत्त्यास एलियस (म्हणजेच 'उर्फ') असे म्हणतात. एलियसमध्ये स्वतःची कोणतीही माहिती साठवलेली नसते. एकाच व्हॉल्यूमवर एकाच वेळी अनेक वाचन-लेखन क्रिया चालाव्यात एवढाच त्याचा उद्देश असतो. या सुविधेला पॅरलल ॲक्सेस व्हॉल्यूम (संक्षेपाने पॅव्ह) असे नाव आहे.

संगणक आणि साठवण यंत्रणा या दोन्ही ठिकाणी एलियसची नोंद एकसारखी असावी लागते. ती तशी नसल्यास कार्यप्रणाली एलियस ओळखत नाही. अशा वेळी काम बंद पडत नाही, माहितीही नष्ट होत नाही, केवळ गती मंदावते. त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो आणि महिनाअखेर किंवा वर्षअखेरच्या गर्दीतच उघड होतो. प्रस्तुत लेखात आयबीएमच्या झेड/ओएस कार्यप्रणालीवरील एलियस ओळखण्याची प्रक्रिया, ती फसण्याची कारणे आणि दोष शोधण्याची पद्धत यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या संगणक मालिकेपासून एक नियम चालत आला होता : एका डिस्क उपकरणावर एका वेळी एकच क्रिया. त्या काळी हा नियम योग्यच होता. डिस्कला वाचन-लेखन करणारा यांत्रिक हात एकच असे आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शके. कार्यप्रणाली प्रत्येक उपकरणासाठी युनिट कंट्रोल ब्लॉक (यूसीबी) नावाची नोंद ठेवते. त्या नोंदीवर एक क्रिया चालू असताना दुसरी आल्यास ती रांगेत उभी केली जाते.

पुढे साठवण यंत्रणेचे स्वरूप बदलले. संगणकाला '३३९०' या जुन्या प्रकारची डिस्क दिसत असली, तरी प्रत्यक्षात त्या व्हॉल्यूममधील माहिती अनेक डिस्कवर विखुरलेली असते आणि तिचा बराच भाग यंत्रणेच्या कॅश स्मृतीत असतो. अशी यंत्रणा एका व्हॉल्यूमच्या अनेक क्रिया सहज एकत्र हाताळू शकते. तरीही संगणकाकडील जुना नियम त्या क्रियांना रांगेतच थांबवत राहिला. टपाल कार्यालयात आत चार कर्मचारी रिकामे बसलेले असावेत आणि बाहेर मात्र एकच खिडकी उघडी असावी, तशी ही स्थिती होती.

व्हॉल्यूमचा आकार वाढत गेला तशी ही अडचण तीव्र झाली. ३३९० मॉडेल ३ या व्हॉल्यूममध्ये ३,३३९ सिलिंडर, म्हणजे सुमारे २.८ गिगाबाइट माहिती मावते. मॉडेल ९ मध्ये १०,०१७, तर मॉडेल ५४ मध्ये ६५,५२० सिलिंडर असतात. पूर्वी अनेक लहान व्हॉल्यूमवर विभागलेली माहिती एका मोठ्या व्हॉल्यूमवर आली, की त्या सर्वांच्या रांगाही एकाच दारात येतात.

यावर उपाय म्हणून त्याच व्हॉल्यूमला जादाचे पत्ते देण्यात आले. प्रत्येक एलियससाठी कार्यप्रणाली स्वतंत्र यूसीबी ठेवते आणि बेसवर क्रिया चालू असताना दुसरी क्रिया एलियसमार्फत पाठवते. प्रत्येक क्रियेसोबत ती व्हॉल्यूमच्या कोणत्या भागावर चालणार आहे हेही कळवले जाते. दोन क्रिया एकाच भागावर येत असतील आणि त्यांपैकी एखादी लेखनाची असेल, तर साठवण यंत्रणा त्या एकामागून एक पार पाडते. त्यामुळे समांतर क्रियांमुळे माहितीची सुसंगती बिघडत नाही.

विकास

आयबीएमच्या एंटरप्राइझ स्टोरेज सर्व्हर या साठवण यंत्रणेसोबत १९९९ मध्ये ही सुविधा आली. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

स्थिर पॅव्ह : प्रत्येक एलियस एका ठरावीक बेसला बांधलेला असतो. बेस रिकामा असला तरी त्याचे एलियस दुसऱ्या बेसला मिळत नाहीत.

गतिमान पॅव्ह : झेड/ओएसमधील वर्कलोड मॅनेजर हा घटक कामाच्या भारानुसार एलियस एका बेसकडून दुसऱ्याकडे हलवतो. हा बदल काही काळाच्या निरीक्षणानंतर होत असल्यामुळे अचानक आलेल्या गर्दीत तो उशिराचा ठरतो.

हायपरपॅव्ह : २००६ मध्ये डीएस८००० मालिकेसोबत आलेल्या या प्रकारात एलियस कोणत्याही बेसला बांधलेले नसतात. एका तार्किक कंट्रोल युनिटमधील सर्व एलियसचा एक सामाईक साठा असतो. क्रिया आली की त्यातील एक एलियस घेतला जातो आणि ती संपताच परत केला जातो.

सुपरपॅव्ह : स्वतःच्या कंट्रोल युनिटमधील एलियस संपल्यास समान जोडणी असलेल्या शेजारच्या कंट्रोल युनिटमधून एलियस उसना घेण्याची सोय यात आहे.

हिताची आणि डेल ईएमसी यांच्या मेनफ्रेमसाठीच्या साठवण यंत्रणांतही या सुविधेशी सुसंगत सोयी उपलब्ध आहेत.

पत्त्यांची रचना

दोष समजण्यासाठी दोन वेगवेगळे क्रमांक ध्यानात घ्यावे लागतात. पहिला उपकरण क्रमांक. हा षोडशमान पद्धतीतील चार अंकी क्रमांक संगणकाच्या बाजूचा असून संगणक चालकाच्या आदेशांत तोच वापरला जातो. दुसरा युनिट पत्ता. हा दोन अंकी असून तार्किक कंट्रोल युनिटच्या आतील स्थान दाखवतो. एका तार्किक कंट्रोल युनिटमध्ये ०० पासून एफएफपर्यंत जास्तीत जास्त २५६ युनिट पत्ते असतात. बेस आणि एलियस या दोघांना मिळून ही मर्यादा आहे. सामान्यतः बेस ०० पासून वर आणि एलियस एफएफपासून खाली दिले जातात.

संगणकाच्या बाजूची व्याख्या हार्डवेअर कॉन्फिगरेशन डेफिनिशन (एचसीडी) या साधनाने तयार होते आणि आयओडीएफ नावाच्या फायलीत साठवली जाते. त्यात बेसचा प्रकार '३३९०बी' आणि एलियसचा प्रकार '३३९०ए' असा नोंदवतात. साठवण यंत्रणेच्या बाजूला तोच युनिट पत्ता बेस आहे की एलियस, हे तिच्या स्वतःच्या व्यवस्थापन साधनातून ठरवले जाते. ही दोन कामे बहुधा दोन वेगळ्या गटांकडे असतात आणि दोषाचे मूळ बऱ्याचदा याच विभागणीत सापडते.

उपकरण क्रमांक अपुरे पडू लागल्यावर २००५ मध्ये झेड९ संगणकावर दुसरा सबचॅनल संच उपलब्ध झाला. शून्य क्रमांकाच्या संचात ६५,२८० उपकरणे मावतात. एलियस 'एक' क्रमांकाच्या संचात ठेवल्यास शून्य संचातील जागा बेससाठी मोकळी राहते. अशा वेळी उपकरण क्रमांकापूर्वी संचाचा अंक लावून तो पाच अंकी लिहितात. पुढील काळात आणखी दोन संचांची भर पडली.

ओळखण्याची प्रक्रिया

बेस उपकरण ऑनलाइन होताना कार्यप्रणाली कंट्रोल युनिटला त्याची संरचना विचारते. उत्तरात तो युनिट पत्ता कोणत्या यंत्रणेतील आहे, तो बेस आहे की एलियस, आणि कंट्रोल युनिटला हायपरपॅव्हची क्षमता आहे की नाही, ही माहिती असते. कार्यप्रणाली ती स्वतःच्या व्याख्येशी ताडून पाहते. दोन्ही जुळल्यासच एलियस वापरात येतो. साठवण यंत्रणेत नंतर बदल झाल्यास ती जोडलेल्या सर्व संगणकांना अवस्थाबदलाची सूचना देते आणि पडताळणी पुन्हा होते.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एलियसची ओळख बेसमार्फत होते, म्हणून कंट्रोल युनिटमधील सर्व बेस ऑफलाइन असतील तर एलियसही दिसत नाहीत. एलियसला बेसप्रमाणे आदेश देऊन ऑनलाइन करता येत नाही. तसेच हायपरपॅव्हमध्ये एलियस कोणत्याही बेसला बांधलेला न दिसणे हा दोष नसून त्याची नेहमीची अवस्था आहे. या तीन बाबी ठाऊक नसल्यास निरोगी यंत्रणेवर उपचार सुरू होण्याचा धोका असतो.

लक्षणे

प्रत्येक क्रियेस लागणारा प्रतिसादकाळ चार भागांत मोजला जातो : यूसीबी मोकळा होण्याची वाट पाहण्याचा काळ (आयओएसक्यू), कंट्रोल युनिटने क्रिया स्वीकारेपर्यंतचा काळ (पेंड), माहिती कॅशमध्ये येईपर्यंतचा काळ (डिस्कनेक्ट) आणि प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा काळ (कनेक्ट). आरएमएफ या मापन साधनाच्या अहवालात हे चारही आकडे मिळतात.

एलियसचा संबंध यांपैकी केवळ पहिल्या भागाशी आहे. समजा, एका क्रियेस अर्धा मिलिसेकंद लागतो आणि चार क्रिया एकदम आल्या. एलियस नसल्यास चौथी क्रिया दीड मिलिसेकंद थांबते आणि दोन मिलिसेकंदांनी पूर्ण होते. ती थांबल्याचा दीड मिलिसेकंद आयओएसक्यूमध्ये दिसतो. याउलट डिस्कनेक्टचा काळ वाढलेला असेल, तर कारण कॅशमध्ये माहिती न सापडणे किंवा दूरस्थ प्रतीचा विलंब असे काही असते. तेथे एलियस वाढवून लाभ होत नाही.

आयओएसक्यू वाढण्याची दोन भिन्न कारणे संभवतात. एलियस आहेत पण भाराच्या मानाने कमी आहेत, हे एक. एलियस नोंदवलेले आहेत पण ओळखलेच गेलेले नाहीत, हे दुसरे. पहिल्यात नियोजन चुकलेले असते, दुसऱ्यात जोडणी. आरएमएफच्या अहवालात हायपरपॅव्हच्या साठ्यातून एलियस न मिळालेल्या क्रियांचे प्रमाण आणि एका वेळी वापरलेल्या एलियसची कमाल संख्या दिलेली असते. ही कमाल संख्या नोंदवलेल्या एलियसपेक्षा नेहमीच बरीच कमी राहत असेल आणि तरीही क्रियांना एलियस मिळत नसतील, तर दुसऱ्या कारणाचा संशय बळावतो.

तपासाचा क्रम

पहिली पायरी, कार्यप्रणालीची अवस्था : 'डिस्प्ले आयओएस, हायपरपॅव्ह' या आदेशाने सुविधा चालू आहे की नाही ते कळते. ती 'नाही' किंवा 'केवळ बेस' अशी असल्यास पुढील तपास व्यर्थ आहे. चालू यंत्रणेत ती 'सेटआयओएस' या आदेशाने बदलता येते. मात्र हा बदल आयईसीआयओएस या प्राचल सदस्यात नोंदवला नाही, तर पुढच्या वेळी कार्यप्रणाली नव्याने सुरू होताच तो नाहीसा होतो. 'कालपर्यंत चालत होते, आज चालत नाही' या तक्रारीमागे हे एक साधे कारण असू शकते.

दुसरी पायरी, एका बेसची विचारणा : 'डिस्प्ले एम=डेव्ह' हा आदेश बेसच्या क्रमांकासह दिल्यास त्याचे मार्ग, त्यांची अवस्था आणि नोंदवलेल्या हायपरपॅव्ह एलियसची संख्या मिळते. ही संख्या आराखड्यातील संख्येशी ताडावी लागते. शून्य आल्यास संपूर्ण कंट्रोल युनिटच्या पातळीवर, तर कमी आल्यास विशिष्ट पत्त्यांच्या पातळीवर दोष असण्याची शक्यता अधिक असते.

तिसरी पायरी, दोन्ही बाजूंची तुलना : 'डेव्हसर्व्ह क्यूपॅव्हज' हा आदेश या तपासाचा कणा आहे. त्याच्या उत्तरात डाव्या बाजूस संगणकाची व्याख्या आणि उजव्या बाजूस साठवण यंत्रणेने दिलेली माहिती शेजारी-शेजारी असते. हायपरपॅव्हमध्ये प्रकाराच्या स्तंभात 'बेस-एच' किंवा 'एलियस-एच' असे शब्द येतात. ज्या ओळीत दोन्ही बाजूंचे युनिट पत्ते किंवा प्रकार जुळत नाहीत, तेथे दोष असतो.

चौथी पायरी, सक्रिय व्याख्या : योग्य नोंद केलेला नवा आयओडीएफ तयार असूनही जुनाच सक्रिय असू शकतो. 'डिस्प्ले आयओएस, कॉन्फिग' हा आदेश सध्या सक्रिय असलेला आयओडीएफ दाखवतो. एचसीडीमध्ये उपकरण प्रोसेसरला आणि कार्यप्रणालीच्या संरचनेला अशा दोन ठिकाणी जोडावे लागते. यांपैकी एक जोडणी राहिल्यास, किंवा दोन्हींत सबचॅनल संच वेगळा लिहिल्यास, एलियस दिसत नाही.

पाचवी पायरी, साठवण यंत्रणा : संबंधित युनिट पत्त्यांवर एलियस खरोखर निर्माण केलेले आहेत का, आणि पॅव्ह सुविधेचा परवाना यंत्रणेत सक्रिय आहे का, हे पाहिले जाते.

उदाहरण

एका तार्किक कंट्रोल युनिटच्या एचसीडीतील व्याख्येत ७१०० ते ७१७एफ हे १२८ बेस आणि ७१८० ते ७१एफएफ हे १२८ एलियस आहेत असे मानू. त्यांचे युनिट पत्ते अनुक्रमे ०० ते ७एफ आणि ८० ते एफएफ होतात. साठवण यंत्रणेत मात्र भविष्यातील वाढ गृहीत धरून ०० ते बीएफ असे १९२ बेस आणि सी० ते एफएफ असे ६४ एलियस निर्माण केले गेले.

परिणामी ८० ते बीएफ या ६४ पत्त्यांवर मतभेद होतो. संगणकाच्या मते ते एलियस आहेत, साठवण यंत्रणेच्या मते बेस. संगणकाला प्रत्यक्षात १२८ ऐवजी ६४ एलियस मिळतात. रोजच्या भाराला तेवढे पुरत असल्यास कोणालाही काही जाणवत नाही. महिनाअखेरच्या हिशेबात एका वेळी शंभर क्रिया आल्या, की रांग लागते. आदल्या आठवड्यात बदललेल्या एखाद्या प्रोग्रॅमवर दोष ढकलला जाण्याची शक्यता अशा वेळी मोठी असते. 'डेव्हसर्व्ह क्यूपॅव्हज'च्या उत्तरात मात्र ६४ ओळींचा बेबनाव सरळ दिसतो.

दुसरा नेहमीचा प्रमाद युनिट पत्त्याच्या सुरुवातीचा आहे. एचसीडी उपकरण क्रमांकाचे शेवटचे दोन अंक हाच युनिट पत्ता मानून चालते. एलियसचे क्रमांक वेगळ्या मालिकेतील असतील आणि प्रारंभीचा युनिट पत्ता स्वतंत्रपणे भरला नसेल, तर सर्व एलियस चुकीच्या स्थानी नोंदले जातात.

दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी

एलियस न ओळखला जाणे हा दोष माहितीला धोका पोहोचवत नाही. त्याची घाईने केलेली दुरुस्ती मात्र पोहोचवू शकते. वरील उदाहरणात दोन मार्ग आहेत. पहिला, एचसीडीतील व्याख्या बदलून ते ६४ पत्ते बेस म्हणून नोंदवणे. दुसरा, साठवण यंत्रणेतील ते ६४ बेस काढून त्या जागी एलियस निर्माण करणे. बेस काढणे म्हणजे त्यावरील व्हॉल्यूम नष्ट करणे होय. ज्या संगणकावरून तपास चालू आहे त्याला तो पत्ता एलियस वाटत असला, तरी त्याच यंत्रणेला जोडलेला दुसरा एखादा संगणक तेथील व्हॉल्यूम वापरत असू शकतो, किंवा तो दूरस्थ प्रतीचा भाग असू शकतो.

म्हणून बेस काढण्यापूर्वी तो सर्व जोडलेल्या संगणकांवर आणि विभागांवर ऑफलाइन आहे, रिकामा आहे आणि कोणत्याही प्रतिलेखन संबंधात नाही, याची खातरजमा आवश्यक असते. त्यानंतर साठवण यंत्रणेतील बदल, मग एचसीडीतील बदल व त्याचे सक्रियीकरण, आणि अखेरीस पुन्हा 'डेव्हसर्व्ह क्यूपॅव्हज'ने पडताळणी, असा क्रम ठेवला जातो. एका संगणकावर खात्री पटली म्हणजे सर्वांवर पटली असे होत नाही. प्रत्येक विभागाची व्याख्या वेगळी असू शकते, त्यामुळे पडताळणी प्रत्येक ठिकाणी करावी लागते.

लिनक्सवरील फरक

मेनफ्रेमवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ही प्रक्रिया काहीशी निराळी आहे. तेथे एलियस उपकरण व्यवस्थापकाने स्वतः ऑनलाइन करावे लागते. 'एलएसडॅस्ड' या आदेशाच्या यादीत त्यापुढे 'एलियस' अशी नोंद दिसते. सबचॅनल संच एकमधील उपकरणे '०.१' या उपसर्गाने येतात. त्यामुळे '०.०' या उपसर्गाखाली त्यांचा शोध घेणाऱ्यास ती सापडत नाहीत. 'सीआयओ इग्नोर' या वगळण्याच्या यादीत पत्ता असल्यास लिनक्स त्याची दखलच घेत नाही. झेड/ओएसवर ज्यांनी अनुभव घेतला आहे, त्यांना एलियस हाताने ऑनलाइन करण्याची ही गरज विपरीत वाटते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मोठ्या संगणकांशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली आणि १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र सुरू झाले. परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटींवरून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कामकाज थांबवले. १९९२ मध्ये टाटा समूहाच्या भागीदारीत ती कंपनी परतली. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'वाय टू के' प्रश्नाच्या निमित्ताने परदेशांतील मेनफ्रेमवरील कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले आणि या क्षेत्रातील मनुष्यबळ वाढले.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात एकीकडे कोळवण खोऱ्यातील भातशेतीची गावे, तर दुसरीकडे हिंजवडी येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. पुण्यासारख्या शहरांतून परदेशी बँका व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची देखभाल दूरस्थपणे होते. संरचनेतील बदल ग्राहकाच्या कामकाजाचा भार कमी असताना, बहुधा शनिवार-रविवारच्या रात्री केले जातात. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा पुण्यात ऋतुमानानुसार सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात.

अशा व्यवस्थेत साठवण यंत्रणा पाहणारा गट एका देशात आणि एचसीडी सांभाळणारा गट दुसऱ्या देशात असू शकतो. युनिट पत्त्यांचा एकच आराखडा दोघांच्या हाती असणे आणि बदलानंतर दोन्ही बाजूंची नोंद एकत्र वाचली जाणे, हाच एलियस हरवू नये यासाठीचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हे सुद्धा पहा

मेनफ्रेम संगणक
कार्यप्रणाली
कॅश स्मृती
षोडशमान पद्धती
हिंजवडी
मुळशी तालुका